माझ्याच लग्नात माझा भोंगा

चहा घ्या, आणि एक आधीच सांगून ठेवतो. आता जे सांगणार हाय ते ऐकून तुम्ही सगळं मलाच नावं ठेवणार. ठेवा. वडगावनं ठेवली, शाहूपुरीनं ठेवली, आमच्या घरात तर जेवणाबरोबर ठेवत्यात. पण माझा गेन बरोबर होता. हे मी तवा बी सांगितलं, आज बी सांगतो, आणि उद्या चौघांच्या खांद्यावरनं निघालो तरी उठून बसून सांगीन.

आता गेन म्हणजे काय, असं विचारणार तुम्ही. सांगाय तर पाहिजेच, त्याशिवाय माझी काय फजिती झाली ते तुम्हाला कळायचं न्हाय.

स्वराज्य मिळून चार-सहा वर्षं झाली असतील. कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं लौडस्पीकरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक अँप्लिफायर, दोन भोंगं, एक माईक, एक मोटारीची बॅटरी आणि मी. लग्न असो, कुस्त्यांचं मैदान असो, सभा असो, बोलावणं आलं की बैलगाडीत सामान टाकून निघायचं. गगनबावड्याच्या पावसात सुद्धा वाजवलंय मी. तिथं घोंगडं एकच होतं, ते मी बॅटरीवर टाकलं आणि स्वतः भिजलो. आठ दिवस तापानं पडलो होतो, पण भोंगा थांबला न्हाय.

कोल्हापुरात भोंगेवालं तवा कमी न्हवतं. पण त्यांचं काम काय? दिसंल ते बटण शेवटापर्यंत पिळायचं. गिऱ्हाईक बी तसलंच. भोंगा चांगला का वाईट हे कसं ठरवायचं, तर शेजारच्या गावाला ऐकू गेला का न्हाय त्यावरनं. आत काय बोलत्यात ते कळो न कळो. नुसतं फर्र फर्र वाजायचं, मधनंच कुई करून शिट्टी मारायचं, आणि लोक माना डोलवायचं. म्हणायचं, काय आवाज हाय राव. अरं, आवाज कुठला, पत्रा फाटतोय तो.

मी तसला न्हवतो. माझी पद्धत होती. माझ्या अँप्लिफायरला दोन बटणं, एक गेन आणि एक व्हॉल्यूम. गेन म्हणजे माईकचा कान समजा, आणि व्हॉल्यूम म्हणजे भोंग्याचा गळा. बारीक बोलणाऱ्यापुढं कान मोठा उघडायचा, दांडगं बोलणाऱ्यापुढं कान झाकून घ्यायचा, आणि मग गळा लागंल तेवढा सोडायचा. कान सताड उघडा ठेवला आणि पुढं कोण तरी ओरडला, की आवाज फाटलाच म्हणून समजा. एवढं साधं हाय. पण एवढं साधं त्या वेळी अख्ख्या कोल्हापुरात मला एकट्याला कळत होतं, आणि ते मी अख्ख्या कोल्हापूरला सांगत फिरत होतो.

त्यात आमच्याकडची माणसं कशी बोलत्यात ते तुम्हाला ठाऊकच हाय. "पावणं, जेवला का" एवढं विचारायचं, तर गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं विचारायचं. असल्या माणसापुढं माईक ठेवायचा म्हणजे आधी नीट बंदोबस्त केला पाहिजे की न्हाय? म्हणून कार्यक्रमाच्या आधी मी प्रत्येकाला माईकपुढं बोलाय लावायचो आणि ज्याच्या त्याच्या आवाजाप्रमाणं गेनच्या बटणाभोवती खडूनं खूण करायचो. पुढाऱ्याची एक खूण, पंचाची एक, शाहिराची एक. लोक हसायचं. मी म्हणायचो, हसा. आपलं काम चोख हाय.

अशात माझं लगीन ठरलं.

स्थळ पेठ वडगावचं. मुलीचं नाव मालन. तिचं वडील ती लहान असतानाच गेलेलं, तिला वाढवलं ते तिच्या मामांनी. मामा म्हणजे बैलांचं व्यापारी. वडगावच्या बाजारात त्यांचा शब्द पडला की सौदा पटला, असं लोक सांगायचं. बघायला गेलतो तवा मालननं मान खाली घालून आपलं नाव सांगितलं, ते बी इतकं हळू की मला ऐकूच आलं न्हाय. दुसरा काय विचार करणार मी? मनात म्हटलं, हिला गेन लई लागंल. पण पोरगी मनात बसली, खोटं कशाला सांगू. परत येताना सर्व्हिस मोटारीत आबांना, म्हणजे आमच्या वडलांना, मी सांगून टाकलं की करायचं तर हितंच, न्हायतर न्हाईच.

सुपारी फुटायच्या दिवशी मामांनी एकच अट घातली. मानपान, देणंघेणं, जेवणावळी, कशाबद्दल एक शब्द काढला न्हाय. म्हणालं, लग्नात भोंगा नको. त्या आवाजानं त्यांचं डोकं उठतंय आणि बाजारात बैल बुजत्यात.

आता तुम्हीच सांगा. हलवायाच्या लग्नात जिलबी करू नका म्हटलं तर चालंल व्हय? मी म्हटलं, मामा, दुसरं काय बी मागा, हे व्हायचं न्हाय. आबा मला मागनं चिमटं काढाय लागलं. मी हललो न्हाय. शेवटी चार जाणत्या माणसांनी तोड काढली. भोंगा लागंल, पण मंगलाष्टक म्हणायचा मान मामांचा. मामांनी मिशीवरनं हात फिरवला आणि बरं म्हणालं.

आमच्याकडची ही तऱ्हा न्यारीच हाय बघा. अंतरपाट धरला की नुसतं भटजीच म्हणत न्हाईत. ज्याला ज्याला आपल्याला गळा हाय असं वाटतंय, तो प्रत्येकजण स्वतः जुळवलेलं मंगलाष्टक घेऊन पुढं येतो. त्यात दोन्हीकडच्या पाहुण्यांची नावं कोंबलेली असत्यात. एखादं नाव ऱ्हायलं की तो पावणा जेवत न्हाय. मामा तर ह्या कामात मुरलेलं. वडगावात त्यांच्या मंगलाष्टकाबिगर भावकीतल्या कुणाच्या डोक्यावर अक्षता पडली न्हवती.

भटजींनी दोन मुहूर्त काढून दिलं. त्यातला बाजाराच्या दिवसाचा मी धरला. का? कारण वडगावच्या बाजाराला पंचक्रोशी लोटते. एक भोंगा मांडवात, दुसरा लिंबाच्या झाडावर, तोंड बाजाराकडं. माझ्या लग्नाची मंगलाष्टकं बैल बघाय आलेल्या माणसांनी शब्द न् शब्द ऐकायची, आणि मग सगळ्या तालुक्यातली लग्नं माझ्याच दुकानात यायची, असा माझा डाव होता. ह्यात काय चुकलं? धंदेवाल्यानं धंदा बघू नये?

अडचण एकच होती. मी पाटावर उभा ऱ्हायलो की अँप्लिफायरवर बसणार कोण? दुसऱ्या भोंगेवाल्याला बोलवायचं म्हणजे बोक्याला दुधावर बसवायचं. मग मी दाजींना धरलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं मालक. कचेरीत कारकून, टापटिपीचा माणूस, सांगितलं तेवढंच करणार, एक वीत इकडं न्हाय आणि तिकडं न्हाय. मी त्यांना नीट समजावून दिलं. भटजींची खूण ही, आमच्या आत्याची ही, माणूस बदलला की बटण त्या खुणेवर न्यायचं. दाजींनी मानाचा फेटा घट्ट बसवला आणि अँप्लिफायरच्या पेटीमागं जाऊन उभं ऱ्हायलं.

ह्या खुणा मी लग्नाच्या दिवशी सकाळीच हळदीच्या अंगानं परीक्षा घेऊन केलत्या. भटजी म्हातारं, त्यांचा आवाज म्हणजे उंदीर पोत्याआडनं बोलावा तसा. त्यांच्यासाठी कान जवळजवळ सताड उघडाय लागला. आत्याचा आवाज मध्यम, तिची खूण मधोमध. मग मी मामांकडं गेलो आणि म्हटलं, मामा, जरा माईकपुढं दोन शब्द बोलून दाखवा.

मामांनी मला पायापासनं डोक्यापर्यंत बघितलं.

"मी काय बैल हाय व्हय, दात बघून घ्यायला?"

झालं. मामांची खूण ऱ्हायली. पण मी त्यांचा आवाज सुपारीच्या दिवशी ऐकला होता. त्या आवाजापुढं माईकचा कान झाकला न्हाय तर भोंग्याचा पडदा टिकणार न्हाय, हे मला कळत होतं. मी दाजींना सांगितलं, मामा म्हणाय लागलं की मी खूण करीन, मग बटण पार खाली घ्या. दाजी व्हय म्हणालं.

मुहूर्त भर दुपारचा. मांडव माणसांनी फुललेला. मी पाटावर उभा, मुंडावळ्या बांधलेल्या, हातात लिंबू टोचलेली कट्यार. मधे अंतरपाट. पलीकडं मालन, तिच्या मागं मामा. अंतरपाटाच्या कडेला माईक, म्हणजे ज्याला म्हणायचंय तो तिथं येणार.

भटजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं. आता काय सांगू तुम्हाला! तो उंदराचा आवाज लिंबावरच्या भोंग्यातनं असा निघाला की बाजारात सौदं थांबलं. शब्द न् शब्द सुटा. मग आत्या आली. दाजींनी बटण खुणेवर आणलं. आत्या बी झकास. परत भटजी, परत त्यांची खूण. मला मुंडावळ्यांच्या आत हसू मावंना. मी मनातल्या मनात पुढच्या सुगीतल्या लग्नांचं विडं, म्हणजे इसार, मोजाय लागलो.

तेवढ्यात मामांनी घसा साफ केला.

मी पेटीकडं बघितलं. बटण भटजींच्या खुणेवर. कान सताड उघडा. मी दाजींकडं बघून कट्यारीचा हात खाली केला, म्हणजे खाली घ्या. दाजी उभं होतं, ते बसलं. मी डोळं मोठं केलं आणि हात आणखी खाली केला. दाजींनी इकडंतिकडं बघितलं आणि मांडी घालून बसलं. मामांनी छाती भरून श्वास घेतला. आता एक क्षण जरी गेला असता तरी माझा भोंगा गेला असता. मग मी काय करणार? तोंडातल्या तोंडात, अगदी ओठांवर, दाजींना सांगितलं.

"दाजी, गेन खाली घ्या. मामा रेडा हाय. रेकला तर भोंगा फुटंल."

मंडळी, मी हळू बोललो होतो. शेजारच्या करवलीला ऐकू गेलं नसतं इतकं हळू. पण कान कुणी उघडून ठेवला होता? मीच. आणि तो इतका नामी उघडला होता की माझं कुजबुजणं मांडवातल्या भोंग्यातनं निघालं, लिंबावरच्या भोंग्यातनं निघालं, आणि बाजारात जाऊन पोचलं. फाटलं न्हाय, घरघरलं न्हाय. शब्द न् शब्द सुटा.

मांडवातल्या माना माझ्याकडं वळल्या. बाजारातल्या माना लिंबाकडं वळल्या. आणि मग लांबनं कुणी तरी व्यापारी खड्या आवाजात विचारतोय, "रेडा कितीला दिला?"

बाजार हसाय लागला. मांडवात कुणी हसंना. मामांचं तोंड लालबुंद झालं. मी म्हटलं, मामा, तुम्हाला न्हवं, तुमच्या आवाजाला म्हटलं. ते बी भोंग्यातनं गेलं. बाजारातनं आणखी एक हसण्याची लाट आली.

हितंच थांबलं असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण आबा माझ्या मागं उभं होतं. ते चिडून पुटपुटलं की ह्या दाजीला तिथं कुणी बसवला, ह्याला घरातला कंदील लावाय येत न्हाय. ते बी गेलं लिंबावरनं. दाजी उठलं. डोक्यावरचा फेटा काढला, अँप्लिफायरवर ठेवला, पायात वहाणा घातल्या आणि मांडवाबाहेर निघालं. माझी बहीण पदर तोंडाला लावून त्यांच्या मागं पळाली. इकडं आमची आत्या शेजारणीच्या कानात सांगाय लागली की मामानं पोरीला दिलेला शालू बघितला का, मच्छरदाणी तरी जाड असती. शेजारणीच्या कानात जायच्या आधी ते बाजारात गेलं.

मग मात्र सगळ्यांच्या ध्यानात आलं. जो तो तोंडावर हात ठेवून उभा. भरल्या मांडवात माणूस खोकंना. भटजी सुद्धा नाकातनं श्वास घ्याय भ्यालं.

तुम्ही म्हणाल, कुणी तरी जाऊन बटण फिरवायचं की. कोण फिरवणार? त्या पेटीला हात लावला तर माणूस जागेवर काळा पडतो, असं मीच गावोगाव सांगून ठेवलं होतं, उगंच पोरंटोरं बटणांशी खेळू नयेत म्हणून. आणि मला पाट सोडता येईना, कारण भटजी डोळ्यांनीच दटावत होतं.

मामांनी मालनच्या दंडाला धरलं. त्यांनी सुपारीपासनं मला जावईबापू म्हणाय सुरुवात केलती. ते आता म्हणालं,

"पावणं, भोंगा बंद करा. न्हायतर पोरगी आत जाईल."

पावणं! कळलं न्हवं? जावई होतो तो परका झालो. तिथंच मी शहाण्यासारखं हात जोडलं असतं तर हा किस्सा तुम्हाला सांगाय लागला नसता. पण माझं डोकं फिरलं. म्हटलं, बाजार ऐकतोय. उद्या हीच माणसं म्हणणार, भोंगेवाल्यानं आपल्याच लग्नात भोंगा उतरवला. ज्या मालावर माझं पोट हाय, त्यो मी भर मांडवात बंद करू? मी माईककडं मान वळवली आणि ओरडलो.

"भोंगा बंद होणार न्हाय. भोंगा न्हाय, तर लगीन न्हाय."

कान सताड उघडा, आणि मी ओरडलेलो. आवाज असा फाटला की मांडवातली पोरं रडाय लागली. फर्र फर्र. पण काय बोललो ते सगळ्यांना कळलं.

आबांनी कपाळावर हात मारला. मामा मागं वळलं. आणि तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडनं एक आवाज आला. बारीक, शांत.

"मामा, ह्यांचं लगीन भोंग्याशीच लावून द्या. मला आत जाऊ द्या."

मालन. तिचं पहिलं अख्खं वाक्य मी आयुष्यात ऐकलं ते असं, माझ्याच भोंग्यातनं. आणि काय सांगू, इतका स्वच्छ आवाज त्या भोंग्यातनं आधी कधी निघाला न्हवता आणि पुढं बी कधी निघाला न्हाय. ना शिट्टी, ना घरघर. लिंबावरनं तो बाजारभर पसरला, आणि ह्या वेळी बाजारात कुणी हसलं न्हाय.

 तवर मी भांडत होतो ते मामांशी, बाजाराशी, कोल्हापूरच्या साऱ्या भोंगेवाल्यांशी. मधे अंतरपाट होता म्हणून पलीकडं कोण उभं हाय हे मी पार विसरलो होतो. ती आत गेली असती तर बाहेर आली नसती. मामांची भाची ती. आणि मला तीच पाहिजे होती, दुसरी कोण नको होती. हे कळाय माझ्यासारख्याला भोंग्यातनं सांगाय लागलं.

मी पाटावरनं खाली उडी मारली. भटजी ओरडलं, नवरदेव पाट सोडू नका. ते बी भोंग्यातनं गेलं. मी कट्यार हातात घेऊन धावलो, वाटेतली माणसं भिऊन बाजूला सरली. पेटीपाशी पोचलो आणि बटण फिरवायच्या भानगडीत न पडता बॅटरीची वायरच उपटली. भोंगं टक् करून मेलं.

परत येऊन मामांच्या पुढं उभा ऱ्हायलो. म्हटलं, मामा, चुकलं माझं.

मामांनी कानामागं हात धरला. म्हणालं, ऐकू आलं न्हाय. मी परत म्हटलं, जरा मोठ्यानं. मामा म्हणालं, "मला आलं. बाजाराला न्हाय आलं. रेडा बाजारात विकला, माफी बी बाजारातच मागायची."

मी म्हटलं, मग भोंगा लावाय लागंल. मामांनी माझ्या गळ्याकडं बोट केलं. मग काय, मांडवाच्या तोंडाशी गेलो, बाजाराकडं तोंड केलं आणि बेंबीच्या देठापासनं ओरडलो, मामा, चुकलं. इतकी वर्षं सगळं भोंग्यावर भागवलेलं, गळ्याला सवय कुठली? शेवटच्या अक्षराला आवाज चिरकला आणि कोंबड्याच्या पिलासारखा बारीक झाला. बाजारातनं उत्तर आलं, "ऐकू आलं, पावणं, जावा आता बोहल्यावर."

मामा हसलं. पहिल्यांदा मालनला परत पाटापाशी उभी केली, मग आपल्या जागेवर उभं ऱ्हायलं आणि मंगलाष्टक सुरू केलं. भोंगा न्हाय, माईक न्हाय, काय न्हाय. लिंबावरचं कावळं उडालं. माझ्या दोन्ही भोंग्यांनी मिळून जेवढं अंतर काटलं नसतं, तेवढं त्या एका गळ्यानं काटलं. दोन्हीकडच्या पाहुण्यांची नावं आली, आबांचं आलं, आत्याचं आलं. दाजींचं नाव आलं तवा ते सर्व्हिस मोटारीच्या फाट्यावर उभं होतं. तिथं त्यांना ऐकू गेलं, आणि माझ्या बहिणीला घेऊन ते अक्षता पडायच्या आधी परत मांडवात आलं. आल्या आल्या पहिल्यांदा फेटा घातला, मग तांदूळ हातात घेतलं.

अंतरपाट दूर झाला. मालन मान खाली घालून उभी होती, पण तिचं खांदं हलत होतं. रडती का हसती ते मला कळंना. माळ घालताना वर बघितलं तवा कळलं. हसत होती.

वडगावचं मला काम मिळालं का, विचाराल. पुढच्या सुगीला एक शेतकरी शाहूपुरीत दुकान शोधत आला. मी बाकडं पुसून दिलं, चहा सांगितला, भोंगं काढून दाखवाय लागलो. त्यानं हात वर करून थांबवलं. म्हणाला, ते ऱ्हाऊ द्या, आमच्या पोरीच्या लग्नाला तुमच्या मामांना तेवढं पाठवा. चहा मात्र पिऊन गेला.

तरी मी कच खाल्ली न्हाय. लग्नाला वर्ष होत आलं होतं. एकदा ओसरीवर सामान पुसत बसलो होतो, आणि आत मालन चुलीपाशी भाकरी थापत होती. मी तिथनंच तिला म्हटलं, बाकी काय बी म्हण, पण तुझा आवाज त्या दिवशी जो निघाला, तो माझ्या गेनमुळं. भटजींच्या खुणेवर बटण होतं, म्हणून तुझ्यासारखीचा बारीक आवाज बाजारभर गेला.

ती म्हणाली, "गेन कुठला. मी मुद्दाम माईककडं वाकून बोललो. तुम्हाला साध्या तोंडानं सांगितलेलं ऐकू जातंय व्हय?"

आणि आता तुमच्यापासनं काय लपवायचं? हे तिनं मला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा मला ऐकूच आलं न्हवतं.